लाल गोलातले अप्पा

माझ्या सासूबाई रोज सव्वापाचला टीव्हीसमोर बसतात आणि नट-नट्यांची उणीदुणी काढणारा कार्यक्रम बघतात. कोण जाड झालं, कुणाचं कुणाशी फिसकटलं. निवेदक एवढा ओरडतो की शेजारच्यांनाही फुकटात कळतं. मी अकरा वर्षं नाक मुरडत आले. "आई, दुसऱ्याच्या घरात डोकावून आपल्याला काय मिळतं?" असं विचारलं की त्या आवाज वाढवायच्या.

त्या मंगळवारी मात्र टीव्ही चालू असल्याचंही मला भान नव्हतं. माझे वडील सकाळी नऊपासून बेपत्ता होते. अप्पांचं विसरणं फार वाढलं, म्हणून मी त्यांना आमच्याकडे आणलंय. चष्म्याच्या दुकानात कामाला निघायच्या गडबडीत मी दाराला कुलूप घालायला विसरले आणि ते गेले. पोलिसांत तक्रार दिली, दवाखाने पालथे घातले. आता मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडत होते.

"अगं, इकडे ये लवकर," सासूबाईंनी हाक मारली. "तुझे अप्पा टीव्हीवर आहेत."

खरंच होते. दातांच्या दवाखान्याबाहेर एक नामांकित नटी गाडीत बसत होती आणि अप्पांनी तिचा हात धरला होता. त्यांच्या डोक्याभोवती लाल गोल काढला होता. कुणीतरी माईक पुढे केला, तेव्हा अप्पा ठणकावून म्हणाले, "ही माझी मुलगी." निवेदकाला तेवढंच पुरलं. 'वीस वर्षं लपवलेला बाप' अशी अक्षरं पडद्यावर नाचू लागली. नटी अप्पांना गाडीत घेऊन निघून गेली.

मी वाहिनीला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "पत्ता नाही देता येणार. पण तुम्ही कॅमेऱ्यासमोर बोलणार असाल तर गाडी पाठवतो." मी फोन आपटला.

"त्यांना कशाला विचारतेस?" सासूबाई चपला घालत म्हणाल्या. "टेकडीवरच्या रस्त्याला शेवटून दुसरं घर, हिरवं फाटक. तिच्या घटस्फोटाच्या वेळी तीन दिवस तेच दाखवत होते."

मी त्यांचे पायच धरले असते, पण त्या आधीच जिना उतरायला लागल्या होत्या.

फाटकाशी कॅमेरेवाल्यांची झुंबड होती. चौकीदाराने आत विचारून आम्हाला सोडलं. अप्पा टेबलाशी बसून दुधात बिस्किटं बुडवून खात होते. नटीची दाढ काढलेली, गाल सुजलेला. "पोलिसांना कळवलंय मी," ती म्हणाली. "यांना नाव, पत्ता काहीच सांगता येईना. नुसतं म्हणत होते, उशीर झाला की मुलगी काळजी करते."

"अप्पा, चला घरी," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे सभ्यपणे पाहिलं. "आपण कोण?"

"मी तुमची मुलगी."

"माझी मुलगी ही. तुम्ही चुकीच्या घरी आलात."

आजवर ते सगळ्यांना विसरले होते, मला कधीच नाही. नटीने माझ्याकडे पाहिलं, मी बोलू का, अशा नजरेने. मी मानेनेच हो म्हटलं. ती अप्पांशेजारी वाकली.

"अप्पा, ही माझी मैत्रीण. मला कामावर जायचंय. तोवर हिच्याकडे राहायचं. ऐकाल ना?"

"तू म्हणतेस तर," म्हणत अप्पा उठले.

"बाहेर मी खरं काय ते सांगते," मी तिला म्हणाले.

"नका सांगू. उद्या तुमच्या दारात येतील आणि यांचं विसरणं सगळ्या जगाला दाखवत बसतील. माझं काय, मला सवय आहे."

टॅक्सीपर्यंत ती स्वतः आली. "बापाला हाकलताय का?" कुणीतरी ओरडलं. तिने वळूनही पाहिलं नाही. अप्पांच्या स्वेटरची बटणं लावली, केस सारखे केले, दार हळूच लावलं. उद्या सव्वापाचला हे कसं दाखवतील, ते तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. कॅमेऱ्यांपुढे मला तिचे आभारही मानता येईनात. काचेतून नुसती बघत राहिले. इतकं ऋणी मला आयुष्यात कुणाचंच वाटलेलं नाही.

टॅक्सी टेकडी उतरली तसे अप्पा माझ्याकडे वळले.

"लोक म्हणतात, मुली मोठ्या झाल्या की बापाला विचारत नाहीत. माझी तशी नाही हो."

"नाही," मी म्हटलं. "मी बघितलं ना आत्ताच."