रेप्याखचा वाढदिवस

'रेप्याख' या विनोदी मासिकाच्या विषयबैठकीत हसायला बंदी नव्हती, पण तिथे हसलेला माणूस कुणी पाहिला नव्हता. दर मंगळवारी कीव्हमधल्या त्या तिसऱ्या मजल्यावर सगळी मंडळी टेबलाभोवती बसायची आणि एकेक जण तार वाचून दाखवावी तशा आवाजात आपला विनोद वाचायचा. "सामूहिक शेत. ट्रॅक्टर चिखलात. अध्यक्ष चिखलाला पदक देतात." मग शांतता. मग संपादक हॉर्दिय मक्सिमोविच चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "चालेल." त्या कचेरीत यापेक्षा मोठी शाबासकी कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नव्हतं. बाहेर लाखो लोक तोच विनोद वाचून पोट धरधरून हसायचे, ती गोष्ट वेगळी.

रेप्याख म्हणजे कोटाला चिकटणारं काटेरी बोंड. एकदा चिकटलं की झटकून जात नाही, उपटावं लागतं, आणि उपटताना बोटाला टोचतंच. मासिकाला नाव शोभून दिसायचं. गावातला पूल पडला आणि कुणी दाद देत नसेल, तर लोक सरळ 'रेप्याख'ला कळवायचे. 'रेप्याख'चा माणूस जाऊन पाहून यायचा, चित्र छापलं जायचं, आणि ज्या साहेबावर चित्र आलं त्याला पुढच्या एखाद्या अंकात उत्तर द्यावं लागायचं: टीका रास्त आहे, पूल बांधला. युद्धाच्या काळात तर मंडळींनी छापण्याचं यंत्र ट्रकवर चढवलं आणि साखर बांधायच्या कागदावर अंक काढले. सैनिक ते अंक वाचून मग त्यात तंबाखू गुंडाळायचे, आणि त्याचाही मंडळींना अभिमान होता. अशा ठिकाणी काम करणाऱ्यांना जरा माज असतोच. असावाही.

बहात्तर सालच्या वसंतात अशीच बैठक चालू असताना दार ढकलून तेक्ला मावशी आत आल्या. हातात उकडलेल्या करंज्यांचं, फडक्याने बांधलेलं पातेलं.

"या मावशी, बसा," हॉर्दिय मक्सिमोविच उठून उभे राहिले.

"बसायला नाही आले. हे वारेनिकी घ्या. आत चेरी आहेत, बिया काढायला दिसत नाही मला, तेव्हा दात सांभाळा." त्यांनी पातेलं थेट विनोदांच्या कागदांवर ठेवलं. "मासिकाला पंचेचाळीस वर्षं झाली म्हणून खास अंक काढताय म्हणे. इतिहास छापणार म्हणे."

"हो, छापतोय."

"त्यात क्लिम आहे का?"

टेबलाभोवतीच्या सगळ्यांना एकदम आपापल्या पेन्सिलींना टोक करायची आठवण झाली.

क्लिम हा तेक्ला मावशींचा नवरा. सत्तावीस साली एका हमामखान्याच्या मागच्या खोलीत, वाफेने ओल्या झालेल्या भिंतींना पाठ लावून ज्या चार जणांनी 'रेप्याख' सुरू केलं, त्यांतला एक. पहिलं मुखपृष्ठ त्याचं. सदतीस साली एका चित्रावरून त्याला उचलून नेलं, तो परत आला नाही. पुढे वीस वर्षांनी सरकारने मावशींना कागद पाठवला की तो निर्दोष होता. नाव मात्र छापायला कुणी धजलं नाही.

"निर्दोष असल्याचा कागद माझ्या कपाटात आहे," मावशी म्हणाल्या. "कपाटाला पटलंय. बाकी कुणाला सांगू? डॉक्टर म्हणतो, हिवाळ्यापर्यंत दिसेल, पुढचं काही खरं नाही. मला क्लिमचं नाव 'रेप्याख'मध्ये वाचायचंय. कुणी वाचून दाखवलेलं नको. माझ्या डोळ्यांनी." मग त्या ऑक्सेनकडे वळल्या. "काय रे ऑक्सेन? तुला पेन्सिल धरायला कुणी शिकवलं?"

ऑक्सेन साठीचा होता, 'रेप्याख'चा सगळ्यात नावाजलेला चित्रकार. ओठावर सदा काहीतरी खोचक तयार. त्या दिवशी मात्र "बघतो, मावशी," एवढंच तो म्हणाला.

"बघ. तुला दिसतंय अजून," म्हणून त्या निघून गेल्या.

त्या वर्षी कीव्हमध्ये सगळेच जरा हळू बोलत होते. हिवाळ्यातच बऱ्याच लिहित्या माणसांना पकडून नेलं होतं. तरीही हॉर्दिय मक्सिमोविचनी दोन पानांचा इतिहास लिहिला आणि त्यात मधोमध, कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही असं एक वाक्य घातलं: पहिलं मुखपृष्ठ क्लिम वेर्बा यांनी काढलं. मग त्यांनी ऑक्सेनला आत बोलावलं. "एक कुत्रा लागेल," ते म्हणाले.

कुत्रा हे त्या धंद्यातलं जुनं औषध. चित्रात एखादी गोष्ट वाचवायची असेल, तर कोपऱ्यात विनाकारण एक कुत्रा काढायचा, असा की सेन्सॉरच्या डोळ्यांत खुपलाच पाहिजे. सेन्सॉर म्हणणार, हा कुत्रा इथे कशाला, काढून टाका. आपण तोंड पाडायचं, थोडी हुज्जत घालायची आणि कुत्रा काढायचा. सेन्सॉरला काम केल्याचं समाधान, आपलं चित्र शाबूत. लेखातही तसंच, फक्त कुत्र्याऐवजी वाक्य. ऑक्सेनने संस्कृती मंत्रालयाच्या खुर्च्यांबद्दल एक झकास आगाऊ वाक्य लिहून दिलं.

पान मग एका टेबलावरून दुसऱ्यावर गेलं. वार्वारा कविता लिहायची आणि मजकूर तपासायची. तिने ते क्लिमचं वाक्य वाचलं, तिचे डोळे भरून आले आणि कुणाला न सांगता तिने बाजूला मांसाच्या दुकानातल्या रांगेवर चार ओळींची कविता घातली. क्लिमसाठी एक कुत्रा. यारेमा हा तरुण चित्रकार. त्याने समासात एका जाड्या मंत्र्याची पाठमोरी आकृती काढली. त्याचाही कुत्रा. मुद्रितं वाचणाऱ्याने एक, मांडणी करणाऱ्याने एक. जो तो समजला, आपल्यालाच सुचलं. आणि स्वतः हॉर्दिय मक्सिमोविचनी शेवटच्या क्षणी, धीर न धरवून, आणखी एक.

दोन दिवसांनी सेन्सॉर स्ताखुर्स्कीने संपादकांना आणि ऑक्सेनला बोलावून घेतलं. हा माणूस दुष्ट नव्हता. पोट बिघडलेलं, कोबीचं पाणी पिऊन राहायचा. त्याने पान टेबलावर पसरलं. सगळं लाल.

"हे काय आहे?"

"इतिहास," हॉर्दिय मक्सिमोविच म्हणाले.

"पांजरपोळ आहे ही! हॉर्दिय मक्सिमोविच, आपण किती वर्षांचे ओळखीचे. एक कुत्रा मला चालतो. तुम्ही घालता, मी काढतो, सही करतो, दोघं सुखाने घरी जातो. पण ओळीओळीला कुत्रा? एवढे राखणदार कुणी रिकाम्या झोपडीला ठेवत नाही. मला आत जाऊन बघावंच लागलं ना, काय राखताय ते!" त्याने बोट ठेवलं. क्लिम वेर्बा या नावावर दोनदा फुली होती. "गेलं. आता यावर बोलू नका. माझ्याशीही नको, दुसऱ्या कुणाशीही नको."

कचेरीत पान टेबलावर पडल्यावर सगळं उलगडलं. वार्वारा हुंदके देत म्हणाली, "मला वाटलं मी एकटीनेच घातलाय." मग यारेमाने कबूल केलं, मग बाकीच्यांनी. एवढी हुशार माणसं, जन्मभर दुसऱ्यांच्या मूर्खपणावर जगलेली, आणि एका नावाला वाचवायला सगळ्यांनी मिळून त्याचाच गळा धरला. चित्र काढण्यासारखा विषय होता. कुणी काढलं नाही.

ऑक्सेन आपल्या टेबलाशी जाऊन बसला. खास अंकाचं मुखपृष्ठ त्याच्याकडे होतं. चित्र तयार होतं, सही तेवढी राहिली होती. आणि सही म्हणजे ऑक्सेनचा जीव की प्राण. छापखान्यात एकदा तिचं टोक कापलं गेलं, तर त्याने कागद कापणाऱ्याशी महिनाभर अबोला धरला होता. त्याने ब्रश शाईत बुडवला. हात कोपऱ्याशी आला आणि थांबला. मावशींना काय तोंड दाखवायचं, हे त्याला सुचत नव्हतं. गुरूच्या हाताखाली शिकताना त्याने जी सही चोरून शेकडो वेळा गिरवली होती, ती त्याच्या हाताने आपोआप काढली. 'क्लिम', आणि शेवटच्या अक्षराचा पाय खालून मागे ओढलेला, चिखलातून कोट फरफटत न्यावा तसा.

मागे यारेमा उभा होता. त्याने पाहिलं. गपचूप जाऊन आपलं चित्र आणलं आणि ब्लेडने आपली सही खरवडायला लागला.

"थांब," ऑक्सेन म्हणाला. "या वेळी मूर्खासारखं एकेकट्याने नाही. सगळ्यांना बोलाव."

लिहिलेला मजकूर सेन्सॉर अक्षरन् अक्षर वाचायचा. चित्रं उलटसुलट करून पाहायचा. पण कोपऱ्यातलं चित्रकाराचं खरडणं? ते कोण वाचतं? आणि क्लिमची सही ओळखणारी माणसं आता म्हातारी झाली होती. अडचण एकच होती. प्रत्येक चित्राखाली काढणाऱ्याचं नाव वेगळं छापलं जायचं, ते सहीशी जुळणार नव्हतं.

हॉर्दिय मक्सिमोविचनी चष्मा कपाळावर चढवला. पकडले गेले तर त्यांची खुर्ची जाणार होती, आणि चित्रकारांची पेन्सिल. नुसतं तेवढंच गेलं तरी नशीब. "या अंकात चित्रांखाली कुणाचंच नाव नको," ते शेवटी म्हणाले. "सबंध अंक सामूहिक श्रमाचं फळ आहे, असं वर कळवतो."

वरून उत्तर आलं की या निःस्वार्थ वृत्तीचं कौतुक वाटतं, इतर मासिकांनीही धडा घ्यावा.

पुढचे चार दिवस 'रेप्याख'मध्ये शाळा भरली. ऑक्सेन मास्तर. "अरे, ही सही आहे की लंगडं बदक? पाय मागे ओढ, मागे! क्लिम माणूस होता, फटाका नव्हता." घोड्यांबद्दल आणि मंत्र्यांच्या पोटांबद्दल ख्याती असलेले मोठमोठे चित्रकार जीभ बाहेर काढून एक शब्द गिरवत बसले. वार्वारा सरावाचे कागद शेगडीत जाळायची. एकानेही विचारलं नाही की आपलं नाव का जावं. जे लोक छापील नावासाठी एकमेकांच्या उरावर बसायचे, ते हेच लोक. त्यांच्यासारखी माणसं पुन्हा कुणी पाहिली नाहीत.

स्ताखुर्स्कीने अंक पुढून पाहिला, मागून पाहिला, कुत्रा शोधला. एकही सापडला नाही. "शहाणे झालात," म्हणत त्याने सही केली.

अंक सप्टेंबरात निघाला. ऑक्सेन तो घेऊन भर दुपारी पोदिल वस्तीत, मावशींच्या खोलीवर गेला. त्या खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी भिंग घेतलं आणि आधी इतिहासाचं पान काढलं. ओळ न् ओळ वाचली. मग भिंग खाली ठेवलं.

"नाहीये."

"नाही, मावशी. आमच्याच चुकीने गेलं. चित्रं बघा."

"चित्रं काय बघू? विनोद बघायला बसलेय का मी?"

"बघा तरी."

त्यांनी मुखपृष्ठ उजेडात धरलं. भिंग चित्रावरून फिरत कोपऱ्यात आलं आणि तिथेच थांबलं. पान उलटलं, कोपरा पाहिला. पुन्हा उलटलं. शेवटच्या पानापर्यंत एकेक चित्र पाहून त्या परत मागे आल्या.

"हा घोडा कुणी काढलाय?"

"यारेमाने."

"तरीच. भोपळ्याला पाय लावलेत. क्लिमने असा घोडा काढला असता, तर मी त्याला जेवायला वाढलं नसतं." त्यांनी मुखपृष्ठ पुन्हा वर घेतलं. "हे तुझं."

"कशावरून?"

"नाकावरून. तुझ्या सगळ्या माणसांना एकच नाक. तो किती ओरडायचा तुला." त्यांनी कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "आणि तुझं नाव कुठाय?"

"यंदा नाही, मावशी. कुणाचंच नाही."

त्यांनी अंक मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी नीट केला. "एवढी वर्षं त्याला कुणी एक रेघ ओढू दिली नाही," त्या म्हणाल्या, "आणि आता सगळाच्या सगळा अंक एकट्याच्या अंगावर टाकलात. दमला असेल रे म्हातारा."

क्लिम कधी म्हातारा झालाच नव्हता. ऑक्सेन मावशींच्या पायाशी खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.