बादलीतला लंगोट

पहिल्या मुलीच्या वेळी तिने सगळं जगरहाटीप्रमाणे केलं होतं. बाटली, डब्यातलं दूध, एकदा वापरून फेकायचे डायपर. पुढे मुलीच्या मांड्यांवर पुरळ उठलं, ते काही केल्या हटेना, आणि तिथून या बाईने मनाशी गाठ मारली. दुसऱ्या वेळी मुलगा झाला तेव्हा डायपरचं पाकीट घरात येऊ दिलं नाही. अंगावरचं दूध, दिवसभर बाळ झोळीत घालून छातीशी बांधलेलं, आणि सुती कापडाचे, धुऊन पुन्हा वापरायचे लंगोट. सासूबाईंना याचं भारी हसू आलं. आम्ही जुन्या चादरी फाडून हेच करत होतो, म्हणाल्या, तेव्हा त्याला गरिबी म्हणायचे, आता निसर्ग म्हणतात. पण हसता हसता त्या लंगोटांच्या घड्याही घालून द्यायच्या, त्यामुळे सुनेला रागावता येत नसे.

बाई हुशार, कामसू, पण भित्री. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो हिच्या मागे बाळंतपणापासून हात धुऊन लागला होता. बाळ शिंकलं की ही दचकायची, बाळ जास्त वेळ झोपलं की नाकाशी बोट धरून श्वास बघायची. आणि नवऱ्यासमोर, सासूसमोर, शेजारणींसमोर हट्टाने मांडलेला हा संसार असल्यामुळे तिला आणखी एक भीती होती. काही बिनसलं तर सगळे म्हणणार, तुझ्याच खुळापायी झालं.

मोठी मुलगी साडेतीन वर्षांची. बाळ घरात आल्या दिवसापासून तिचं जुनं लाडाचं नाव मागे पडलं आणि सगळे तिला ताई म्हणू लागले. बाळ तिला ताई म्हणायला अजून वर्ष-दीड वर्ष होतं, पण आईबाप, आजी, खालचा दुकानदार, सगळ्यांची ती ताई झाली होती. ताईला कामही नेमून दिलेलं होतं. बदललेला लंगोट न्हाणीघरातल्या झाकणाच्या बादलीत नेऊन टाकायचा. ती नाक दाबून, दोन बोटांत लंगोट धरून अशी काही ऐटीत निघायची, की बघणाऱ्याला वाटावं मोहिमेवर चालली आहे.

त्या दुपारी आईने धुवायला बादली ओतली आणि वरचाच लंगोट हातात आला. कापड पांढरं. मध्यभागी तांबूस, कडेला गुलाबी डाग.

आधी तिने स्वतःची समजूत काढून पाहिली. ओल्या कपड्यात लाल मोजा पडला असेल. पण बादलीत लाल काहीच नव्हतं. काल आपण बीट खाल्लं का? नव्हतं खाल्लं. साबण बदललाय का? तोही नाही. तिने डाग नाकाशी नेला, उजेडात धरला, बोट ओलं करून घासून पाहिला. बोटाला रंग लागला. रक्तच होतं ते. ती न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर तशीच बसली.

सकाळी ती अंघोळीला गेली तेव्हा बाळाचा लंगोट सासूबाईंनी बदलला होता. तिने धावत जाऊन विचारलं, आई, सकाळी लंगोटात काही दिसलं का. सासूबाई म्हणाल्या, चष्मा टेबलावर होता गं, हाताला ओला लागला म्हणून बदलला. मग तिने डाग दाखवला. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिला आणि काही थट्टा न करता बाळाचे कपडे सोडवायला घेतले. सुनेला डागापेक्षाही त्यांच्या न हसण्याची भीती वाटली.

बाळाला उघडं करून दोघींनी नखशिखांत पाहिलं. कुठे चीर नाही, ओरखडा नाही. बाळ पाय झाडत हसत होतं. अंगावरचा लंगोट कोरडा होता. एरवी ती वेळ बघून बाळाला शू करायला धरायची, तेव्हा कोरडा लंगोट म्हणजे तिला बक्षीस. आज वाटलं, याची लघवीच बंद झाली. तिने त्याला छातीशी लावलं तर त्याने दोन घोट घेऊन तोंड फिरवलं. म्हणजे भूकही गेली. एकामागून एक तिने सगळं जुळवत नेलं. माझ्या दुधातच काही असेल. डब्यातलं दूध दिलं असतं तर. सगळे सांगत होते.

नवरा घरोघरी खिडक्यांच्या काचा बसवायचा. फोन लावला तेव्हा तो कुठल्याशा तिसऱ्या मजल्यावर शिडीवर होता. घाबरू नकोस म्हणाला आणि बोलता बोलताच शिडी उतरू लागला. तू डॉक्टरबाईंकडे नीघ, मी तिकडेच येतो.

तिने लंगोट प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, बाळ झोळीत बांधलं, सासूबाईंनी कुलूप-किल्ली हातात घेतली. ताई पलंगाच्या मागे बसलेली होती. तिला बाहेर काढायला वेळ गेला. चप्पल घालेना, जिना उतरेना, फाटकापाशी येऊन म्हणाली, उचलून घे. आईने एकदा समजावलं, दोनदा समजावलं, मग तिच्या दंडाला धरून जवळजवळ ओढलीच. ताई ना तू? चाल. बाळाला बरं नाही, दिसत नाही का तुला? मुलगी पाय आखडून, लहान लहान पावलं टाकत चालू लागली. तिचा हात गरम होता. ऊनही होतं. आईचा दुसरा हात सारखा झोळीत जात होता, बाळाचा श्वास चाचपत होता, आणि रस्ता काही संपत नव्हता. औषधाच्या दुकानापाशी ताईने पुन्हा बसकण मारली तेव्हा आजीने गुडघे दुखत असतानाही तिला कडेवर घेतलं.

दवाखान्यात चार माणसं आधी होती. हिचा चेहरा बघून त्यांनीच वाट दिली.

डॉक्टरबाई वयस्कर आणि मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी बाळाला टेबलावर निजवलं, पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या. आई टेबलाच्या कडेला धरून उभी. मनातल्या मनात ती कोणाकोणाला काय काय कबूल करत होती. याला बरं कर, मी उद्याच डायपर आणते, डबा आणते, पुन्हा कुणाशी वाद घालणार नाही. तेवढ्यात बाळाने चांगली उंच धार सोडली. डॉक्टरबाईंची बाही भिजली. धार स्वच्छ, पाण्यासारखी.

"याला काही झालेलं नाही," डॉक्टरबाई बाही पुसत म्हणाल्या. "आणलाय म्हणालात तो कपडा दाखवा."

तिने पिशवीतून लंगोट काढून टेबलावर पसरला. डॉक्टरबाईंनी असले लंगोट पाहिले नव्हते. याची पुढची बाजू कुठली, हा बसतो कसा, त्यांनी विचारलं. ती सांगू लागली. हे सांगायला तिला नेहमीच आवडायचं. आज जीभ अडखळत होती, तरी सवयीने हात चालले. एकच लंगोट जन्मापासून तीन-चार वर्षांपर्यंत पुरतो. पुढे या टिचबटणांच्या ओळी आहेत ना, बाळ लहान असताना त्या खाली दुमडून लावायच्या, म्हणजे लंगोट आखूड होतो. मूल वाढेल तशी एकेक ओळ सोडायची. असं म्हणून तिने तो बाळाच्या खाली सरकवला आणि लावून दाखवायला गेली.

लंगोट बाळाच्या काखेपर्यंत आला.

तिने बटणं चाचपली. ओळी सगळ्या सुटलेल्या होत्या. तिच्या घरात तर प्रत्येक लंगोट सगळ्यात आखूड करून ठेवलेला असे, ते सासूबाईंनाही पाठ होतं. आणि डाग. मुलाचा लंगोट नेहमी पुढे भिजतो, म्हणून तर ती पुढे जास्तीची घडी घालायची. हा डाग मध्यभागी होता. इतके महिने दिवसाकाठी डझनभर लंगोट हाताळणाऱ्या बाईला ते बादलीपाशीच कळायला हवं होतं. पण भीतीने तिला एकच मूल दिसत होतं.

ती सावकाश वळली. ताई वजनकाट्याशेजारी भिंतीला पाठ लावून उभी होती. पायावर पाय घट्ट दाबलेले, फ्रॉकची कड मुठीत आणि मूठ तोंडात. गाल लाल झाले होते. काखेत कळसा म्हणतात, इथे तर कळसा बिचारा मघापासून हात धरून चालत होता, आणि मार खायचा तेवढा राहिला होता.

डॉक्टरबाईंनाही कळलं. त्यांनी बाळ आजीच्या हातात दिलं, ताईच्या कपाळाला हात लावला, थर्मामीटर काखेत घातलं. ताप चांगलाच होता. कधीपासून, त्यांनी विचारलं. बाळाने आज किती वेळा दूध घेतलं हे आईने झोपेतही सांगितलं असतं. ताईने काल शू केली का, कुठे केली, रंग कसा होता, हे तिला ठाऊक नव्हतं. मुलीला स्वतःचं स्वतः जाता येतं याचंच सगळ्यांना केवढं कौतुक होतं.

"लघवीची तपासणी करू. त्याशिवाय मी काही बोलणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि झाकणाची छोटी बाटली तिच्या हातात दिली.

काही बोलणार नाही. म्हणजे काय बोलण्यासारखं असेल? बाळासाठी वाटलेली भीती निदान ओळखीची होती, रोजची होती. ही वेगळी होती. ही किती दिवस घरात येऊन बसली होती कोण जाणे.

दवाखान्याच्या संडासात शिरल्यावर ताईने दाराची कडी धरून ठेवली. मला नाही लागली, म्हणाली. आई खाली उकिडवी बसली.

"काय होतं गं तुला?"

"शू चावते."

"कधीपासून?"

"काल."

तिच्या 'काल'ला काही अर्थ नव्हता. गेल्या वर्षी पाहिलेला हत्तीही तिने कालच पाहिला होता.

"म्हणून लंगोट घातलास?"

ताईने मान हलवली. लंगोटात हळू चावते, ती म्हणाली. संडासात जोरात चावते.

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं," मुलगी म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. "तू म्हणालीस, हळू बोल, बाळ झोपलंय."

आईला आठवेना. एकदाच का तीनदा, सकाळी का परवा, काही आठवेना. आणि तरी हे असंच झालं असणार याची तिला खात्री होती, कारण हे वाक्य ती दिवसभर बोलायची. तिने पोरीला उचललं, पाठ आपल्या छातीला टेकवली, मांड्यांखाली हात घालून तिला तशी धरली जशी रोज बाळाला धरायची. केवढी जड झाली होती ती. बऱ्याच दिवसांत उचललीच नव्हती. एका हाताने तिने बाटली खाली धरली.

"मी धरलंय. चावली की ओरड. कितीही जोरात ओरड."

आधी काहीच झालं नाही. मग पोरीचं सगळं अंग ताठ झालं, आणि ती ओरडली. आईच्या दंडात नखं रुतवून ओरडली. बाटलीत थोडंसंच आलं. ते लाल होतं.

बाहेर आजीच्या खांद्यावर पेंगलेलं बाळ दचकून जागं झालं आणि रडायला लागलं. त्या आवाजासरशी ताईचं ओरडणं अर्ध्यात थांबलं. तिने हुंदका गिळला, ओठ दाबून धरले आणि आईच्या हातांतून खाली उतरायला बघू लागली.

"बाळ रडतंय," ती कुजबुजली. "तू जा."

आईने तिला आणखी घट्ट धरलं. रडू दे त्याला, ती म्हणाली, आणि जागची हलली नाही.