पुसलेल्या खुणा

लेकाने सकाळभर खपून नव्या वाद्याच्या दांडीवर सुरांच्या जागा खडूने आखल्या आणि घरची फौजदारीण म्हणवणाऱ्या त्याच्या आईने मळ समजून त्या ओल्या फडक्याने पुसल्या. तासाभरात गिऱ्हाईक येणार होतं. लेक रडकुंडीला आला.

"रडतोस काय? दोरा आण."

तिने तारेच्या लांबीचा दोरा तोडला, मधोमध दुमडून वरच्या टोकापासून तारेलगत धरला, तो संपला तिथे तार दाबून छेडली. वरचा सा खणखणला. दोऱ्याच्या तीन घड्या केल्या, तर वरून पहिल्या घडीवर पंचम. चार केल्या, तर मध्यम. म्हातारीला हसू आवरेना. उरलेले सूर लेकाने नाचतच बसवले.

"दुसरीत शाळा सोडलीस, हे कुठं शिकलीस?"

"चार लेकरांत एक चादर पुरवलीये मी. आणि यापुढे पेन्सिल वापर. खडू काय, कुणीही पुसतं."