आठव्या माणसाची मांडी

आमच्या साहेबांना स्वतःवर प्रयोग करणारा शास्त्रज्ञ म्हणवून घ्यायचं होतं. प्रयोगाचा त्रास तेवढा नको होता.

प्रयोग साधा होता. आठ माणसं. प्रत्येकाने सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, जागच्या जागी उभी असलेली सायकल एकाच पायाने मारायची. उजवा पाय राबणार, डावा नुसता लोंबकळणार. शेवटी दोन्ही मांड्यांतून सुईने तांदळाएवढा स्नायू काढून तपासायचा. राबलेल्या स्नायूत तंतुकणिका वाढतात, म्हणजे साखर आणि चरबी जाळून ताकद देणाऱ्या पेशीतल्या भट्ट्या. आणि त्या राबलेल्याच पायात वाढतात. उजव्याच्या घामावर डाव्याला फुकटचा हक्क सांगता येत नाही. शरीराचा हा गुण मला फार आवडतो. आमच्या संस्थेत तो औषधालाही सापडत नाही.

सात जण रोज प्रयोगशाळेत माझ्या डोळ्यांसमोर घाम गाळायचे. त्यातला बँकेतला कारकून पहिल्या आठवड्यात "ताई, पाय गेला हो माझा" म्हणत रडकुंडीला यायचा, पण यायचा रोज. आठवे खुद्द साहेब. त्यांना वेळ कुठला! त्यांनी सायकल घरी नेली आणि सहा आठवड्यांनी सरावाची वही माझ्या टेबलावर आपटली. तीस दिवस, तीस नोंदी, प्रत्येकी पंचेचाळीस मिनिटं. सगळीकडे एकच निळी शाई, एकच वळण, आणि घामाचा एक डाग नाही. मी काही बोलले नाही. बावीस वर्षं इथे नोकरी केल्यावर न बोलण्याचा माझाही सराव चांगला झाला होता.

नमुन्यांवर नुसते आकडे असतात. कोणाचा कोणता, ते तपासताना मला कळत नाही. सात जोड्यांत एका पायातल्या तंतुकणिका दुसऱ्याच्या जवळजवळ दीडपट निघाल्या. एका जोडीत मात्र दोन्ही पाय जुळ्या भावांसारखे. यादी उघडली, तर तो आठवा माणूस.

"नमुन्यांची अदलाबदल केलीत तुम्ही, बाई," साहेब म्हणाले.

"अदलाबदल झाली असती तर फरक उलटा आला असता, साहेब. इथे फरकच नाहीये."

साहेबांनी बॅग उघडली. मग म्हणाले, "मग बाहेर राहून खराब झाले असतील. तसं लिहून द्या. परवा माझे सर येतायत बघायला. 'आठव्याचे नमुने माझ्या हलगर्जीपणामुळे खराब झाले', एवढंच. सही करा, विषय संपला." आणि त्यांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. तयारीनेच आले होते.

विषय त्यांचा संपणार होता. माझ्याकडे ना पदव्या, ना भाषणं. मला आहेत ते हात. सुईतून निघालेला तुकडा मी काही सेकंदांत द्रव नायट्रोजनमध्ये गोठवते, आणि आजवर एकही वाया गेलेला नाही. ती सही केली असती तर उरलेले चौदा नमुनेही संशयात आले असते, आणि यापुढे मी हात लावीन तो प्रत्येक. भीती वाटलीच. त्याहून जास्त चीड आली. मी कागदाची घडी घालून कोटाच्या खिशात ठेवली. सही केली नाही.

सर आले. ऐंशीच्या घरातले, काठी टेकत. साहेबांनी लगेच फुशारकी सुरू केली. "आठवा मीच, सर. नमुने आमच्या बाईंच्या हातून गेले, नाहीतर सगळ्यांत चांगला निकाल माझाच होता."

"नमुने गेले तर गेले," सर म्हणाले. "पाय आहेत ना? चढ सायकलवर."

"आत्ता?"

"सहा आठवडे चढलास ना रे?"

त्याच दिवशी कारकून मांडीची जखम दाखवायला आला होता. सरांनी आधी त्याला चढवलं. दहा मिनिटं डाव्या पायाने, मग अर्धा तास विश्रांती, मग तेवढ्याच भाराने उजव्या पायाने. दर वेळी बोटातून रक्ताचा थेंब. सरावलेल्या स्नायूतून तेवढ्याच कामाला लॅक्टेट, म्हणजे दमणुकीत रक्तात उतरणारं द्रव्य, कमी निघतं. कारकुनाचं डाव्याला आलं सहा, उजव्याला तीन. "ताई, पास ना मी?" त्याने विचारलं.

मग साहेब पँट दुमडून चढले. मी सुई उचलली, तेवढ्यात सरांनी हात पुढे केला. "यांच्या हातावर तुझा विश्वास नाही ना? मीच टोचतो."

डावा पाय, साडेसात. अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतर उजव्या पायाने साहेब सहाव्या मिनिटालाच थांबले; तोंड उघडं, चष्मा घसरलेला. आकडा सात पूर्णांक सहा.

"सर, हे यंत्र जरा..."

"आत्ता त्याचं बरोबर मोजत होतं की."

सरांनी वही मागितली, चार पानं उलटली आणि मिटून माझ्या हातात दिली. साहेबांकडे न बघता ते निघून गेले. चहा तसाच राहिला.

मी खिशातला कागद साहेबांपुढे ठेवला, त्यावर वही उघडून ठेवली. "शेरा हवा, साहेब."

"'वगळला' असं लिहितो."

"कारणाचा रकाना आहे."

त्यांना त्यांचं निळं पेन सापडेना. मी माझं काळं दिलं. त्यांनी टोपण काढलं आणि लिहिलं: 'सराव केला नाही.' खाली सही.

अख्ख्या वहीत शाई बदलली ती तेवढ्याच ओळीपुरती, आणि खरी ओळही तेवढीच होती.