बंदरोबंदरीचा एनरॉय

“मैदा चालत नाही म्हणे. साखर चालत नाही. लोण्याचं तर नाव काढायला नको. मग पाव मागवतात कशाला? वारा खा म्हणावं, फुकट मिळतो.”

लिओन्टिनवहिनी मांडीवर टोपली घेऊन होडीच्या टोकाला बसली होती आणि मी वल्ही मारत होते. तिचं हे रोजचंच. पहाटे भट्टी पेटवायची, उजाडलं की खाडीत नांगरलेल्या शिडाच्या बोटींना पाव घालत फिरायचं आणि परतताना ज्यांनी घेतला त्यांनाही नावं ठेवायची, नाही घेतला त्यांनाही.

“अगं, ती कॅनडाची बाई दोन घेणार होती,” मी म्हटलं.

“घेतले असते. नवऱ्यानं डोळे वटारले. पोट बघितलंस त्याचं? नांगराऐवजी त्यालाच टाकलं तरी बोट हलायची नाही.”

वादळांचा मोसम सरला की या बोटी बेटाबेटांवरून फिरत आमच्या कॅरिअकू बेटाला येऊ लागतात. बहुतेक जोडपी असतात, नोकऱ्या संपलेली, उन्हानं रापलेली. वहिनी सगळ्यांना नावानिशी ओळखते. कुणाचा गुडघा धरलाय, कुणाची सून बोलत नाही, तिला सगळं ठाऊक. लोकांना वाटतं, बाई मोठी लाघवी. लाघवी कसली! पाव हातात दिला की तिचा एकच प्रश्न असतो: “कुठल्या कुठल्या बंदरांतून आलात? माझा एनरॉय दिसला का कुठं?”

एनरॉय तिचा एकुलता एक. माझा भाचा. त्याच्या बापानं, माझ्या कॉस्नेलदादानं, स्वतःच्या हातानं बांधलेल्या गलबतात मेंढ्या भरून तो ट्रिनिदादला निघाला आणि पोचलाच नाही. माणूस सापडला नाही, मेंढरू सापडलं नाही, गलबताची फळीसुद्धा कुठल्या किनाऱ्याला लागली नाही. त्याला बरीच वर्षं झाली. दादानं त्यानंतर नवं गलबत बांधलं नाही. कुणाचं सुकाणू दुरुस्त कर, कुणाच्या बोटीचा कठडा बसव, एवढंच.

बोटवाले बिचारे भले. एखाद्या आईला तोंडावर नाही कसं म्हणायचं? कुणी म्हणे, सेंट लुशियात तसाच एक जण दिसला. कुणी म्हणे, मार्टिनिकच्या गोदीत कुणीतरी अगदी असाच हसत होता. एका मोसमात तर एनरॉय एकाच वेळी तीन बंदरांत होता. वहिनीला त्याचं काही वाटलं नाही. तिघांनाही तिनं एकेक पाव जास्त दिला.

सगळ्यांत छान बातम्या आणायचा तो फ्रेंच लोइक. निळ्या बोटीतून बायकोला, सोलँजला, घेऊन दर वर्षी यायचा. त्याचा एनरॉय दर वर्षी थोडा पुढे जायचा. आधी हमाल होता, मग सुतार झाला, मागच्या खेपेला तर त्याला मिशा फुटल्या होत्या.

आमच्यात माणूस गेला की लगेच त्याच्या नावाचा दगड उभा करत नाहीत. घराला सावरू देतात, मग कधीतरी गावजेवण घालून दगड रोवतात. तोवर गेलेला अधांतरीच. घरच्यांच्या स्वप्नात येऊन जेवायला मागत राहतो. दगडाच्या दिवशी त्याच्यासाठी वेगळं पान वाढायचं, बिनमिठाचं. आणि आई जिवंत असेल तर ते आईनंच रांधायचं. दुसऱ्या कुणाच्या हातचं त्याला पोचत नाही.

“ओला असतो गं,” दादानं मला एकदा सांगितलं. “दारातच उभा राहतो. आत ये म्हटलं तर येत नाही. भूक लागलीय म्हणतो.”

“वहिनीला सांगितलंस?”

“काय सांगू? तिच्या हिशेबानं तो मार्टिनिकला जेवतोय.”

दादाच्या छातीत पाणी भरतं. दोनदा ग्रेनाडाच्या इस्पितळात नेऊन आणला. परत आल्यावर त्यानं मुकाट्यानं सिमेंटचा दगड ओतून घेतला, एनरॉयचं नाव घालून, आणि घरामागे गोणपाटाखाली ठेवला. मला एवढंच म्हणाला, “माझ्या आधी त्याला जेवू घालायचंय.” वहिनीनं त्या गोणपाटाकडे कधी बघितलं नाही. हे काय आणलंस, असं विचारलंही नाही. पावांची ओली फडकी मात्र ती त्याच्यावर वाळत घालते.

तर त्या सकाळी कॅनडावाल्यांच्या पलीकडे निळी बोट दिसली. सोलँज एकटीच दोर आवरत होती. वहिनीनं दोन पाव काढले, त्यांतला एक करपलेला. लोइकला करपलेलाच आवडायचा.

सोलँजनं वाकून दोन्ही घेतले. करपलेला हातात फिरवत राहिली.

“लोइक नाही आला,” ती म्हणाली.

“विमानानं येतोय?”

“नाही.”

आमची होडी तिच्या बोटीला हलकेच धडकत राहिली. वहिनीनं हात लांबवून तिच्या कठड्यावर ठेवला, जसा एखाद्याच्या खांद्यावर ठेवावा. तिचा नेहमीचा प्रश्न आता येईल म्हणून मी वल्ही धरून बसले. आला नाही.

“संध्याकाळी जेवायला ये,” वहिनी म्हणाली. “एकटीसाठी चूल पेटवू नकोस.”

संध्याकाळी मासळीचं कालवण होतं, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि तुरीचे दाणे. दादानं सोलँजला डोलकाठीचं विचारलं, शिडाचं विचारलं. बोटीवरचं काय काय विचारता येतं ते सगळं त्यानं विचारून घेतलं. मग विषय संपले.

“मार्चमध्ये गेला,” सोलँज आपणहून म्हणाली. आमची बोली तिला अर्धीमुर्धीच येते, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखी बोलते. “राख समुद्रात सोडली. त्याला तसंच हवं होतं. तेव्हा बरं वाटलं. आता कुठं जाऊन बसावं तेच कळत नाही. सगळीकडे नुसतं पाणी. कुठल्या पाण्याशी बोलू?”

दादाचा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता हा बोलेल. त्यानं ओठही हलवले, पण वहिनीकडे बघून पुन्हा मिटून घेतले.

सोलँजनं नाक पुसलं, पाठ ताठ केली. “लिओन्टिन, तुला सांगायचं राहिलंच. आजारी पडायच्या आधी लोइकला ग्वादलूपच्या बंदरात एक जण भेटला होता. सुतारकाम करणारा. त्याचं हसणं अगदी…” ती ताटाशी बोलत होती.

“राहू दे गं,” वहिनी म्हणाली. “लोइक खोटं बोलायचा ते डोळ्यांत बघून. तुला नाही जमत.”

सोलँजच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“चांगला होता तुझा नवरा. दर वर्षी माझ्यासाठी एक नवं बंदर शोधायचा. पहिल्या खेपेलाच कळलं होतं मला.”

“मग विचारायचीस कशाला वहिनी?” माझ्या तोंडून निघून गेलं. “इतकी वर्षं? बोटीबोटीला?”

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ती दादाच्या हातांकडे बघत होती. रंधा मारून मारून वाकडीतिकडी झालेली त्याची बोटं ताटाच्या काठाला घट्ट धरून बसली होती.

“पोर कुठंतरी आहे म्हटलं की गलबतही कुठंतरी तरंगतंय,” ती म्हणाली. “याला तेवढं पुरायचं. निदान झोप तरी लागायची. मला कुठं माहीत, झोपेत तो दारात येऊन उभा राहतो म्हणून? काल रात्री हा झोपेतच बोलला, आत ये बाळा, आत ये.”

दादा मान वर करेना.

“कॉस्नेल, इकडे बघ.”

त्यानं बघितलं.

“तुझ्या बांधणीत खोट नव्हती. एकेक फळी चढताना मी बघितलीय. तुझ्या हातून काही चुकलं नाही. पण पोर बुडालं आपलं. गेला त्याच रात्री बुडालं. त्याचं पान आता मीच रांधते.””