नुसतं ‘हं’

“दादा, बटण कशाला दाबलंस? मी अजून काही वाजवलंच नाही.”

काचेपलीकडे धम्मदीपदादा कानांवर हेडफोन लावून बसला होता. माझ्याकडे बघून तो हसला आणि त्याने आणखी एकदा बटण दाबलं. माझ्या मशीनवरचा हिरवा दिवा लागला. तोपर्यंत मी फक्त पेनाचं टोपण काढलं होतं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझं कोपर हललं की हा बटण दाबत होता. बाराच्या बारा वेळा बरोबर दाबलं होतं त्याने, आणि मी वेडी, कागदावर विशीतल्या पोराच्या कानांसारखी सरळ रेघ काढून मोकळी झाले होते.

दिल्लीजवळ मानेसरला आमचं तपासणी केंद्र आहे. फॅक्टऱ्यांमध्ये नव्याने लागणाऱ्या माणसांचं रक्त, डोळे, छाती, कान असं सगळं आम्ही बघतो. कान माझ्याकडे. माणूस त्या काचेच्या आवाजबंद पेटीत बसतो, मी बारीक आवाज सोडते, ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. त्यावरून मी कागदावर रेघ काढते आणि पाच वाजता डॉक्टर सही करतात. रेघ सरळ गेली तर नोकरी, खड्ड्यात गेली तर घरी. नऊ वर्षं हेच करतेय, आणि कानांमधलं आपल्याला सगळं कळतं अशी थोडी घमेंडही आहे मला.

मी रजिस्टर उभं करून काचेला टेकवलं, म्हणजे माझे हात त्याला दिसणार नाहीत, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. जाडे आवाज त्याला आले. बारीक आवाज मी वाढवत नेले, वाढवत नेले. दुसरा कुणी असता तर कपाळाला आठ्या घालून बाहेर आला असता. दादा बटणावर अंगठा ठेवून शांत बसून होता, शाळेत पहिल्या बाकावर बसल्यासारखा.

मी पेटीचं दार उघडलं. “कधीपासून?”

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे.

“पाच-सहा वर्षं झाली असतील,” तो म्हणाला. “आधी घड्याळाची टिकटिक गेली. मग कुकरची शिट्टी. फॅक्टरीत काही अडलं नाही यार, प्रेसशॉपमध्ये कुणालाच काही ऐकू येत नाही. सगळे ओठ बघूनच बोलतात. सुपरवायझरची शिवीसुद्धा मला ओठांवरून कळते.”

“हिंदी कळतं. आणि मराठी?”

“मराठी फक्त घरात. आणि घरात उन्नती गॅसकडे तोंड करून बोलते.”

उन्नती म्हणजे त्याची बायको, माझी वहिनी.

धम्मदीपदादा बाबांच्या गावचा, यवतमाळकडचा. बाबा केंद्र सरकारात होते, आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो. माझ्या मराठीला जी हिंदीची फोडणी आहे ती तिथली. आयटीआय करून बसलेल्या दादाला बाबांनीच इकडे बोलावून घेतलं. सतरा वर्षं त्याने एकाच शेडमध्ये पत्रा दाबला. ठेकेदारांची नावं बदलत राहिली, मशीन तेच राहिलं. या तपासणीच्या चौदा महिने आधी ती लाइन बंद झाली आणि चाळीस माणसं एका दुपारी गेटबाहेर आली. तेव्हापासून दादा गेटागेटांवर फिरत होता. चाळिशीच्या वरचा माणूस नको, असं एका ठिकाणी त्याला सरळ तोंडावर सांगितलं. वजन उतरलं, बीपी चढलं, डोळ्यांखाली काळं आलं.

आमची इथली पंधरा-वीस मराठी घरं महिन्यातल्या एका रविवारी वंदनेला एका गच्चीवर जमतात. तिथे सगळे म्हणायचे, धम्मदीपने मनाला लावून घेतलंय. बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही. बाबांनी तर त्याला एकदा सगळ्यांदेखत सुनावलं, “बाबासाहेबांच्या माणसाने असं खचायचं नसतं.” त्यावर दादाने नुसती मान हलवली. बुद्धपौर्णिमेला जिन्यात मी मागून “जय भीम, दादा” म्हटलं तर हा तसाच खाली उतरून गेला. मला असा राग आला म्हणता. घरी येऊन मी म्हटलं, नोकरी गेली म्हणून काय माणुसकी पण गेली?

कानांचीच भाकरी खाणारी मी. माझ्या लक्षात यायला नको होतं?

आणि बाबांचं बघा. त्यांना शहात्तराव्या वर्षी कमी ऐकू यायला लागलं, तर पेन्शनरांच्या कार्डावर कानाचं मशीन मिळालं. ते शिट्टी वाजवतं म्हणून त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकून दिलंय. त्यांना बहिरं असायची मुभा आहे.

“लुंबिनी,” दादा म्हणाला, “रेघ तुझ्या हातात आहे. पहिली काढलीस ना, तीच राहू दे.”

“दादा...”

“ही नोकरी लागली की ईएसआयचं, कामगारांच्या दवाखान्याचं कार्ड पुन्हा चालू होईल. कार्ड चालू झालं की उन्नतीच्या इन्सुलिनची चिंता मिटेल. आत्ता पुरतंय, पण पुढे काय? इतक्या वर्षांत तुझ्याकडे काही मागितलं नाही मी.”

खरंच मागितलं नव्हतं. उलट मी स्कूटी शिकत असताना मागे धावला होता हा माणूस.

“आणि प्रेसवर कुणी मागून ‘रोको’ म्हणून ओरडला तर?”

तो माझ्या तोंडावरून नजर काढून आपल्या हातांकडे बघायला लागला. “एकदा झालंय तसं,” तो म्हणाला. “जोडीदाराचा ग्लोव्ह गेला. हात वाचला त्याचा.”

“वहिनीला ठाऊक आहे का? ऐकू येत नाही ते?”

“नाही. आणि तू सांगायचं नाहीस. तिला वाटतं मी रुसलोय. रुसलेला नवरा आज ना उद्या बोलेल एवढी तरी आशा असते तिला.”

तो गेला. माझ्यासमोर दोन कागद होते, एक सरळ रेघेचा आणि एक खड्ड्याचा. खोटं कशाला सांगू, मी सरळ रेघेचा कागद फाइलला लावला होता. मग पेटीबाहेरच्या ट्रेमध्ये त्याचा मोबाइल दिसला. आत जाताना काढून ठेवलेला तो न्यायचाच विसरला होता. जेवणाच्या सुट्टीत शेअर ऑटो पकडून मी त्याच्या खोलीवर गेले.

तिसऱ्या मजल्यावरची एकच खोली. खिडकीखाली टेबलावर शेगडी, आणि उन्नतीवहिनी खोलीकडे पाठ करून पोळ्या लाटत होती. सकाळी दोन घरचा स्वयंपाक करून ती नुकतीच आली असावी. कोपऱ्यात पाण्याचा मोठा माठ होता, शेजारी एक छोटा. फ्रिज विकला तेव्हापासून इन्सुलिनची डबी त्या छोट्या माठात असते.

“या ताई, बसा. हे पाणी आणायला गेलेत,” माझी हाक ऐकून वहिनी मागे न बघता म्हणाली. “झालं का ह्यांचं?”

“पाचला सही होते.”

“होईल ना पण?”

मी मोबाइल खाटेवर ठेवला. वहिनीला माझ्या उत्तराची गरज नव्हती. किती दिवसांचं साठलेलं होतं कोण जाणे, तिने लाटता लाटताच सुरुवात केली.

“नोकरी मिळाली तर चांगलंच आहे. पण खरं सांगू, मला नोकरीपेक्षा आधीचं माणूस परत पाहिजे. दिवाळीच्या आधी मी ह्यांना सांगितलं, अहो, इन्सुलिन पुरत नाहीये, मी निम्मंच घेते. तर म्हणाले, हं. डिसेंबरात सांगितलं, पायाला मुंग्या येतात, रात्रीचं जेवण टाळते म्हणजे सुई वाचते. हं. एकदा मुद्दाम म्हटलं, मी मरून जाईन एखाद्या दिवशी. त्यालाही नुसतं हं. त्या दिवसापासून सांगायचंच बंद केलं मी. ज्याला काही पडलेलीच नाही, त्याला काय सांगायचं?”

तेल पुरवून वापरावं तशी ही बाई इन्सुलिन पुरवत होती, नवऱ्याला सांगून, आणि नवऱ्याला त्याचा पत्ता नव्हता.

तेवढ्यात दादा दोन कॅन घेऊन आत आला. मला बघून त्याचा चेहरा उतरला. मी मान हलवून खूण केली, सांगितलं नाही म्हणून.

“आले का?” वहिनी तव्याकडे बघत म्हणाली. “मला भूक नाही. तुम्ही दोघं बसा.”

“हं,” दादा म्हणाला आणि वहिनी नेहमीसारखी मागून जेवेल असं धरून त्याने फळीवरून दोन ताटं काढली.

मी तशी फटकळ बाई आहे, पण दुसऱ्याचं गुपित फोडणाऱ्यांतली नाही. त्या दिवशी मात्र माझा ताबा सुटला.

“वहिनी, मागे वळा. वळा आधी. ह्याला ऐकू येत नाही.”

दादाने माझे ओठ वाचले आणि मला थांबवायला हात वर केला, तोवर बोलून झालं होतं. वहिनी लाटणं हातात धरून वळली. “काय ऐकू येत नाही?”

“काहीच नीट ऐकू येत नाही. पाच-सहा वर्षं झाली, प्रेसच्या आवाजाने कान गेलेत त्याचे. आत्ता तुम्ही भूक नाही म्हणालात ना, तेही त्याने ऐकलेलं नाही. तुम्ही काहीतरी बोललात एवढंच त्याला कळतं, आणि तो हं म्हणतो.”

तव्यावरची पोळी जळायला लागली. दादाने पुढे होऊन गॅस बंद केला. वहिनी त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिने पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. दिवाळीच्या आधीचं, डिसेंबरातलं, मरून जाईन म्हणालेलं. दादा तिच्या तोंडाकडे बघत होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण आत बघवत नव्हतं.

त्याने छोट्या माठातून डबी काढली, बाटली उजेडात धरली. ती अजून पाव भरलेली होती.

“मी रोज बघायचो,” तो म्हणाला. “बाटली संपत नाही, म्हणजे पुरतंय, असं वाटायचं मला. बरं वाटायचं.”

तो खाटेवर बसला आणि रडला. चौदा महिन्यांत रडला नसेल तेवढा रडला. वहिनी रडली नाही. तिने पिठाचे हात पदराला पुसले आणि मला म्हणाली, “ताई, कागदावर जे खरं आहे ते लिहा.”

“वहिनी, नोकरी जाईल.”

“ती काय आहे का आत्ता? प्रेसवर पुन्हा गेले तर उरलंय तेवढंही जाईल. मला ह्यांच्याशी अजून बोलायचंय.”

पाच वाजता मी खड्ड्याचा कागद टेबलावर ठेवला. आमचे डॉक्टर अंशुमन मनाने वाईट नाहीत. कागद बघून म्हणाले, “अरे, ये तो गया,” आणि ‘अनफिट’चा शिक्का मारून सही केली. मी त्या कागदाच्या तीन झेरॉक्स काढल्या. कामामुळे कान गेले तर भरपाईचा दावा लावता येतो, ही गोष्ट मला नऊ वर्षं ठाऊक होती. आजवर मी ती कुणालाच सांगितली नव्हती, कुणी विचारलंही नव्हतं.

बाबांना सगळं सांगितलं. मग त्यांनी ड्रॉवरमधून आपलं मशीन काढून कानात घातलं आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. दाव्याचा अर्ज त्यांनीच लिहिला. जन्मभर सरकारात तेच केलेलं. कुठला ठेकेदार कोणत्या साली होता, हे आठवून लिहायलाच दादाला आणि त्यांना दोन रविवार लागले. अर्ज आता या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय. काय होईल ते मला माहीत नाही, आणि उगाच आशेवर ठेवण्यात अर्थ नाही म्हणून दादालाही मी तसंच सांगितलंय. सध्या तो एका गोदामात खोकी बांधतो. तिथे कार्ड नाही. दर मंगळवारी कामावर खाडा करून तो सरकारी दवाखान्यात इन्सुलिनच्या रांगेत उभा राहतो. कधी मिळतं, कधी पुढच्या आठवड्यात या म्हणतात.

मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेले. दारातच मला ठसका लागला. खोलीभर फोडणीचा धूर होता. शेगडीचं टेबल खिडकीखालून काढून आतल्या बाजूला लावलं होतं, आणि वहिनी भिंतीकडे पाठ करून, खोलीकडे तोंड करून भाजी परतत होती. धूर सगळा तिच्याच डोळ्यांत जात होता.

“खिडकीपाशी बरं होतं की,” मी म्हटलं.

“तिथून ह्यांना दिसत नाही,” ती म्हणाली. मग दादाकडे बघून, तोंड नीट उघडून म्हणाली, “अहो, मी सुई घेतली.”

“किती?” दादाने विचारलं.

“अठरा युनिट. पूर्ण.”

तो तिच्या तोंडाकडे आणखी थोडा वेळ बघत राहिला. मग उठला आणि फळीवरून त्याने तीन ताटं काढली.