करणाऱ्याचं नाव

“नळाच्या चित्राखाली जागा आहे की. एकच ओळ टाक गं,” सुबोध धुरी म्हणाला.

“सर, चार वाजता पत्रक छापायला जातंय,” श्वेता म्हणाली. “आता डिझाइन हलवलं तर वाट लागेल ना माझी.”

अंधेरीची ही कंपनी टाकीचे पंप आपोआप चालू-बंद करणाऱ्या पेट्या बनवते. पेटीत नखाएवढी चिप. तिच्यासाठी ‘सी’ भाषेत प्रोग्राम लिहायचा तर रोजची हत्यारं लागतात: शब्द मोजायचे, आकडे जुळवायचे, पडद्यावर अक्षर उमटवायचं. त्या संचाला लायब्ररी म्हणतात. मोठमोठ्या लायब्रऱ्या असल्या चिपमध्ये मावत नाहीत. सुबोधची मावते; या पेट्यांतही तीच आहे. अकरा वर्षं, रोज आंघोळीआधी, जोगेश्वरीच्या घरात ओट्याशेजारी बसून त्याने ती घासूनपुसून लहान केली आणि फुकट देऊन टाकली. कोणीही घ्या, वापरा, बदला. अट एकच, करणाऱ्याचं नाव ठेवा.

लोक मोठे हुशार. नाव ठेवायला विसरतात, नावं ठेवायला मात्र विसरत नाहीत. रोज तक्रारींचे मेल. परक्यांचं त्याने कधी मनाला लावून घेतलं नाही. पण आपल्याच कंपनीच्या पत्रकावर ‘सर्व सॉफ्टवेअर आमचेच’ असं वाचलं आणि त्याचं डोकं फिरलं. या वेळी नाव छापून येणार, असं तो आठ दिवसांपूर्वी आईला सांगूनही बसला होता.

“पण सर, तुम्ही कंपनीचेच ना? मग ते कंपनीचंच झालं की.”

“मी इथे लागलो चार वर्षांपूर्वी. लायब्ररी अकरा वर्षांची आहे!”

“कोण वाचतं हो ते बारीक अक्षर?”

“म्हणूनच बारीक टाक म्हणतोय ना!”

सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. श्वेताने आवाज खाली आणला. “सर, मी विचारलं होतं. वरून नाही म्हणाले.”

ज्यांच्या दारात रोज हजेरी लावायची त्यांच्यावरच केस करायची? पत्रकाची नमुना प्रत बॅगेत कोंबून तो घरी आला. रस्ताभर त्याचा जळफळाट चालला होता.

आई, वनमाला, पलंगावर स्टीलचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. दोन वर्षांपासून तिला फक्त उजेड-अंधार कळतो. डब्यावर कोरलेल्या नावावरून ती बोट फिरवत होती.

“शेजारच्या शेवंतीन डबो परत हाडून दिल्यान. गणपतीत गेल्लो. तुझ्या बापाशीचा नाव आसा ना, लवू धुरी. नाव घातलेला भांडा हरवणा नाय बघ.”

सुबोधने बूट काढले.

“तुझो कागद इलो काय रे? माका दाखव.”

त्याने पत्रक काढलं, तिच्या मांडीवर ठेवलं.

“नाव खंय आसा?”

सुबोधने तिचं बोट धरलं आणि नळाच्या चित्राखालच्या कोऱ्या जागेवर टेकवलं. “हय.”

म्हातारीने बोट इकडून तिकडे फिरवलं. पुन्हा फिरवलं.

“गुळगुळीत लागता रे.”

“छापलेला आसा गो, आये,” तो म्हणाला. “हाताक लागणा नाय.”